मापाचा माणूस

प्रदर्शन सोमवारी उघडणार होतं आणि शुक्रवारी कडुबा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. कडुबा आमच्या संग्रहालयाचे पहारेकरी. बोर्डावरची दिव्याची बटणं दाबायलाही त्यांना टाचा उंच कराव्या लागतात. मी, सुलेखा, वस्तूंखालच्या पाट्या लिहिते आणि पुराव्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही. त्यामुळे माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही, ते बरंच आहे.

"मॅडम, त्या फोटोतला माणूस माझा पणजा हाय. पुंजाराम. त्याचं नाव लिवा पाटीवर."

फोटो काचेवर घेतलेला, शंभरेक वर्षांपूर्वीचा. डोंगरातल्या लेणीतला दगडी द्वारपाल आणि त्याच्या शेजारी एक माणूस. मूर्ती केवढी आहे हे कळावं म्हणून तेव्हाचे छायाचित्रकार कुणाला तरी असं उभं करायचे. हा बाबा नेमकी मान हलवून बसला, त्यामुळे चेहरा पार पुसला गेलाय. जुन्या नोंदवहीत लिहिलं होतं, 'द्वारपाल, उंची दहा फूट. मापासाठी एक इसम.' मी तेच उतरवलं होतं.

"पुरावा?" मी विचारलं.

"घरी काठी हाय ना."

काठीची हकिकत अशी, की पुंजाराम त्या छायाचित्रकाराच्या काचांच्या पेट्या वाहायचे आणि मापालाही तेच उभे राहायचे. एकदा ते तापानं आडवे झाले. दुसरा माणूस उभा केला तर माप बदलणार, म्हणून साहेबानं बरोबर त्यांच्या उंचीचा बांबू तोडून घेतला आणि तोच उभा केला. काम संपल्यावर बांबू घरी आला. सध्या तो कडुबांच्या अंगणात कपड्यांच्या दोरीला टेका देतो. लांबी चार फूट आठ इंच.

मला हसू आलं. "कडुबा, द्वारपाल दहा फुटांचा. त्या हिशेबानं फोटोतला माणूस साडेपाच फूट भरतो. तुमच्या घराण्यात कुणी आहे का साडेपाच फूट?"

"नाय. पर द्वारपाल दहा फूट हाय, हे मोजलं कुणी?"

मी नोंदवही पुन्हा उघडली. कुणीच मोजलं नव्हतं, समासात नुसतं गणित होतं. इसम साडेपाच फुटांचा असणार असं धरून कुणीतरी टेबलावर बसूनच द्वारपालाची उंची काढली होती. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर वहीपेक्षा कडुबांचा जास्त आला.

शनिवारी आम्ही दोघं डोंगर चढलो. लेणीच्या चौकीदाराकडून शिडी मागून घेतली. टेपचं खालचं टोक कडुबांनी धरलं, वरचं मी. साडेआठ फूट. मी पुन्हा मोजलं. साडेआठच. तिथंच पायरीवर बसून फोटोवरून गणित मांडलं, तर फोटोतला माणूस आला चार फूट आठ इंच. कडुबा दुसरीकडे बघत उभे होते.

"काय निघालं, मॅडम?"

"तुमचे पणजोबाच निघाले," मी म्हटलं.

रविवारी नवी पाटी त्यांच्या हातात दिली. 'द्वारपाल. उंची साडेआठ फूट. मापासाठी उभे: पुंजाराम, उंची चार फूट आठ इंच.' त्यांनी ती दोनदा वाचली. डोळे भरून आले.

"बाप पाह्यजे व्हता आज," ते म्हणाले. मग जवळ येऊन हळूच, "मॅडम, तेवढं पाच फूट करा की. लोकं हसतील."

"पणजोबांना वाढवलं तर द्वारपालालाही वाढवावं लागेल."

कडुबांनी पाटी माझ्या हातात परत दिली. "मग नगं. पर नाव तरी मोठं काढा."

ते नियमात बसत नव्हतं. मी पाटी परत छापायला दिली, आणि पुंजारामांचं नाव द्वारपालाच्या दुप्पट अक्षरात काढून घेतलं.