न विचारता वाढलेलं

करिष्मा भर दुपारी घरी आली तेव्हा ओटीवर तांदूळ निवडणं रंगात आलं होतं. उद्या शेजारच्या हिरामणच्या घरी हळद. काल्हेरात हळद म्हणजे अख्खं गाव जेवणार, म्हणून गल्लीतल्या बायका सुपं घेऊन कमळाबाईंच्या ओटीवर जमलेल्या. कमळाबाई धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायच्या. तांदळातला खडा वेचता वेचता त्यांनी नवीच ओळ जुळवली :

एका टोपान भात गो, दोघांचा डोला,
एक जेवून उठला, दुजा उपाशी गेला.

बायका खिदळल्या, आणि उंबऱ्यात सून उभी. गळ्यातलं गोडाऊनचं ओळखपत्र नव्हतं.

"काय गो, शिफ्ट सुटली?"

"सुटली न्हाय आई, सोडवली." करिष्मा भिंतीला टेकली. "माल गाडीत चढला, पन कम्प्युटरमधी त्याची नोंदच न्हाय. कुणालसर बोलले, स्कॅन न करता बाहेर काढलास, चोरांना सामील हायेस."

खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसलेल्या विनिताची बोटं थांबली. विनिता कमळाबाईंची लेक, करिष्माची नणंद. ऑफिसचं काम घरूनच करायची.

"वहिनी, स्कॅनर वाजत होता?"

"प्रत्येक खोक्याला वाजला. माझे कान काय भाड्याचे हायेत?"

"प्रोग्राम नवा टाकलाय का?"

"आताच टाकला ना! तुमचीच भाषा हाय ती ताई. उघडला की चिमनी दिसते. मी सगल्यांना सांगते, ही माझ्या नणंदेची चिमनी."

विनितानं लॅपटॉप मिटला.

चिमणीचं चिन्ह असलेल्या त्या प्रोग्रामिंगच्या भाषेचं व्हर्च्युअल मशीन विनिताची टीम बनवायची. व्हर्च्युअल मशीन म्हणजे प्रोग्रामनं राहायचं घर म्हणा. त्या घराला कुणी काही सांगितलंच नाही, तर प्रोग्रामला कम्प्युटरची किती मेमरी घेऊ द्यायची, हा डीफॉल्ट आकडा ठरवायचं काम विनिताकडे आलं होतं. तिनं पाऊण हिस्सा ठरवला. मीटिंगमध्ये टीममधल्या भाविकनं विचारलं होतं, "आणि एकाच कम्प्युटरवर दोन प्रोग्राम आले तर?"

"भाविक, आम्ही आगरी माणसं," ती म्हणाली होती. "पाहुण्याला वाटी मोजून वाढत नाही."

हशा पिकला, आणि त्या हशातच आकडा पास झाला. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपला मेमरीची ददात नव्हती. दहा पाहुणे आले असते तरी पुरली असती.

"चल वहिनी," ती उठली. "मला तो कम्प्युटर दाखव."

राहनाळच्या गोडाऊनमध्ये पत्र्याखाली भट्टीगत ऊन साचलं होतं. टेबलाखाली जुनाट कम्प्युटर धूळ खात बसलेला. विनितानं पाहिलं आणि तिला कळलं. नोंदी घेणारा प्रोग्राम त्याच्यावर, स्टिकर छापणाराही त्याच्यावरच, आणि दोघांच्याही माथ्यावर तीच चिमणी. दोघांनीही पाऊण-पाऊण मागितलं. मेमरी संपली तसा कम्प्युटरनं एकाला गुपचूप मारून टाकलं. मेला तो नोंदींचा. नोंदी मनात साठवून मग एकदम लिहायची त्याची रीत; न लिहिलेल्या सगळ्या त्याच्यासोबत गेल्या. हातातला स्कॅनर मात्र आपला वाजत राहिला, अन् करिष्मा त्या आवाजावर भरवसा ठेवून खोकी पुढे ढकलत राहिली.

एक जेवून उठला, दुजा उपाशी गेला.

कुणालसर चहाचा कप घेऊन आले. "मॅडम, मशीन झूठ नहीं बोलती. हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे काय?"

विनिताच्या ओठांवर सोपं उत्तर आलं. खोटंही नव्हतं ते. "कम्प्युटर जुना आहे. मेमरी कमी पडली."

"मग हिनं बोलायला नको?" कुणालसरांनी करिष्माकडे कप रोखला. "रोज इथं बसते. मशीन बंद पडली हे ऑपरेटरला नाय कळणार तर कुणाला?"

करिष्माची मान आणखी खाली गेली. विनितानं स्वतःच्या अंगावरून झटकलेला दोष सरळ जाऊन तिच्या डोक्यावर बसला होता.

"नाही," विनिता म्हणाली. "चूक माझी आहे. मेमरीचा आकडा मी ठरवला. दोघं आले तर काय, हे मला विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं. लेखी देते."

माल भरणारे हमालही थांबले. कुणालसरांनी कप टेबलावर ठेवला. मग ड्रॉवरमधून ओळखपत्र काढून त्यांनी करिष्मापुढे सरकवलं. माफीबिफी काही नाही. "कल से आ जाना."

"उद्या हळद हाय," करिष्मा म्हणाली. "परवा येईन."

रिक्षात करिष्मानं ओळखपत्र पुन्हा गळ्यात घातलं. विनिता तिच्याकडे बघायची हिंमत गोळा करत होती.

"ताई," करिष्माच म्हणाली, "तुमच्या खिडकीतून आमच्या गोडाऊनचे पत्रे दिसतान ना?"

"दिसतात."

"आकडा टाकला तवा पन दिसत व्हते?"

दिसत होते. ऊन पडलं की इतके चकाकायचे, की ती पडदा ओढून घ्यायची.

घरी आल्या आल्या तिनं कुणालसरांना लेखी पाठवलं आणि आकडा बदलायला घेतला. पाऊणचा पाव केला, कारणही खाली लिहिलं, स्वतःच्या नावासकट. भाविकचा मेसेज आला : "काय हे, आता पाहुण्यांना वाटी मोजून?"

"हो," तिनं लिहिलं. "पंगतीत किती जण बसलेत, ते बघून."

मग लॅपटॉप मिटून ती ओटीवर आली. कमळाबाई गात होत्या. करिष्मा खाली मान घालून खडे वेचत होती. विनिता तिच्या शेजारी टेकली. करिष्मानं वर पाहिलं नाही. थोड्या वेळानं तिनं आपलं सूप जरासं बाजूला घेतलं, विनिताची मांडी मावेल एवढंच.