चारही टायर सारखे हवे होते

दवाखान्याच्या फाटकाला वाऱ्याने हलू नये म्हणून एक लोखंडी डबा टेकवून ठेवलाय. गंजून तपकिरी झालेला. तुम्ही येता-जाता पाहिला असेल, एखाद्याने पायाने सरकवलाही असेल. तोच मी बोलतोय. मी दवाखान्याच्या जुन्या गाडीतलं व्हिस्कस कपलिंग. नाव जड आहे, काम मात्र साधं होतं.

माझ्या पोटात पातळ पोलादी चकत्या आहेत. एक पुढच्या चाकांची, एक मागच्या चाकांची, पुन्हा एक पुढची, अशा ओळीने लावलेल्या. त्या एकमेकींना शिवत नाहीत. मधल्या फटीत मधासारखं दाट तेल. चारही चाकं सारख्या वेगाने फिरत असली की चकत्याही गुण्यागोविंदाने फिरतात, मला काही कष्ट नाहीत. पण पुढची चाकं चिखलात गरागरा फिरू लागली की चकत्या तेल घुसळतात. बाकीची तेलं तापली की पातळ होतात. माझं तापलं की आवळतं. मग पुढची ओढ मी मागच्या चाकांपर्यंत पोचवतो आणि गाडी निघते. बटण नाही, दांडा नाही, कुणी सांगायला नको.

मागच्या धुरेत एक लॉक होता. मागची दोन चाकं एकत्र बांधायचा. त्याला दांडा ओढून जागं करावं लागे, आणि तो लागला की खटका वाजायचा. गाडीतली माणसं म्हणायची, लॉक लागला, आता निघालो. मागच्या चाकांपर्यंत जोर मी आणून दिलेला असायचा, पण माझा खटका नव्हता. न बोलावता येणाऱ्याला कुणी धन्यवाद देत नाही, हे मी पहिल्याच पावसाळ्यात शिकलो.

एका माणसाला मात्र मी माहीत होतो. आमचे ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणत. चढावर ते इतके हळू जात की मागे त्यांना मुंगीमामा म्हणायचे. सिस्टर तर तोंडावर म्हणायच्या, "मामा, त्या म्हशीला आधी जाऊ द्या, तिला उशीर होतोय." मामा म्हणायचे, "जाऊ द्या की. तिला लस टोचायची नाहीये." डोंगरावरच्या वस्त्यांवर लस, औषधं आणि सिस्टर पोचवायच्या, हे आमचं काम. अकरा वर्षं केलं. एकदाही वाटेत टाकलं नाही.

त्याचं गुपित मामांच्या एका सवयीत होतं. दर दोन महिन्यांनी ते स्वतः जॅक लावत आणि पुढचे टायर मागे, मागचे पुढे करत. झिजायचे तर चौघांनी बरोबरीने झिजायचं. एक टायर जरी उंच राहिला तरी चाकांचा वेग जुळत नाही, आणि मग सपाट रस्त्यावरही माझ्या चकत्या उगाच तेल घुसळत राहतात. बाहेरून काही कळत नाही. मी आतल्या आत शिजतो.

चारही टायर एकदम गुळगुळीत झाले, तेव्हा मामा स्टोअरमध्ये गेले. तिथून पुढची गोष्ट सगळी कडू आहे.

स्टोअरकीपर हे मामांचे जावई. एकुलत्या एका लेकीचा नवरा. घरी ते मामांना मामा म्हणत आणि मामा त्यांना जावईबापू म्हणत. दवाखान्यात तेच मामांना ड्रायव्हर म्हणत आणि मामा त्यांना साहेब. मामांनी चार टायर मागितले. मामा परतल्यावर गाडीशेजारी उभे राहून सिस्टरना सांगत होते, ते मी ऐकलं. स्टोअरमध्ये चार टायर पडून होते, पण एका वर्षात एका गाडीला दोनच, असा नियम. दोन आत्ता, दोन पुढच्या वर्षी. मामांनी दोनदा समजावून सांगितलं. चार माणसांदेखत जावई म्हणाले होते, "गाडी तुम्ही चालवा, स्टोअर मी चालवतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?" सिस्टरनी विचारलं.

"काय म्हणणार? जावई आहे."

दोन नवे टायर पुढे बसले, दोन गुळगुळीत मागे राहिले. मी त्या दिवसापासून तापू लागलो. दिवसभर, सरळ रस्त्यावर, विनाकारण. तीन महिन्यांत माझं तेल घट्ट होऊन बसलं आणि माझ्या चकत्या एकमेकींना चिकटल्या. आता पुढची चाकं आणि मागची चाकं एका दांड्याला बांधल्यासारखी झाली. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. ते त्यांना जमेना. गाडी ब्रेक दाबल्यासारखी अडखळायची, वळायच्या ऐवजी सरळ जायला बघायची. मामांच्या हातांना कळत होतं. त्यांनी जाऊन सांगितलं. एकदा नाही, तीनदा. जावई म्हणाले, बघू. मामांनी कागदावर लिहून दिलं नाही. घरातल्या माणसाला अर्ज कसा करायचा?

ही मामांची चूक. मी ती झाकणार नाही.

पाऊस नुकताच उघडला होता. वरच्या वस्तीच्या शेवटच्या वळणावर, ओल्या कातळावर, मामांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. पुढची चाकं फिरली, पण गाडी वळली नाही. मीच तिला मागून सरळ ढकलत होतो. अकरा वर्षं ज्या रेट्याने तिला बाहेर काढलं, त्याच रेट्याने मी तिला गटारात घातलं. सिस्टरचं मनगट मोडलं, लसींची पेटी फुटली. मामांना काही झालं नाही. तसं झालं असतं तर बरं होतं, असं ते नंतर म्हणाले.

मेस्त्रींनी गाडी गॅरेजमध्ये घेतली. मागचं एक चाक उचललं आणि लांब दांड्याने फिरवून पाहिलं. चांगलं कपलिंग हळूहळू का होईना, फिरतं. मी तसूभर हललो नाही. मेस्त्री दांडा खाली ठेवून म्हणाले, "याच्या आत डांबर झालंय. दोन नवे, दोन जुने टायर कुणी लावले?"

मामांनी तो दांडा उचलून भिंतीला टेकवला.

"मी तसं अहवालात लिहितो. म्हणजे तुम्ही सुटलात."

"नका लिहू."

"मामा, तुमच्या हातातलं स्टिअरिंग जाईल."

"माझी लेक त्या घरात आहे," मामा म्हणाले. "तिच्या नवऱ्याला माझ्यामुळे चौकशीत उभं केलं, तर ती कुणाच्या तोंडाकडे बघेल? वयामुळे गेलं म्हणून लिहा. अकरा वर्षं झालीच आहेत की त्याला."

मी वयाने गेलो नव्हतो. माझ्यात अजून तितकीच वर्षं होती. पण माझं तोंड कारखान्यातच कायमचं बंद केलेलं. मला उघडून कुणी पाहत नाही, पाहता येत नाही. मेस्त्रींनी मान हलवली आणि मामांनी सांगितलं तसं लिहिलं.

वरून निकाल आला. कपलिंग जुनं झाल्याचे चालकाने वेळेवर कळवले नाही, हा हलगर्जीपणा. सिस्टर हात गळ्यात बांधून वरच्या साहेबांशी भांडून आल्या, मामांनी सांगितलं होतं म्हणाल्या. कागद आहे का, एवढंच विचारलं त्यांना. मामांच्या हातून गाडी गेली. निवृत्तीला दोन वर्षं होती, ती फाटकावर बसून काढायची, असं ठरलं. मेस्त्री मला भंगारात टाकत होते, मामांनी मागून घेतलं. फाटकाला टेकवायला काहीतरी जड हवंय म्हणाले. उन्हाने मी तापलो की हाताने चाचपून मला सावलीत सरकवायचे.

नवी गाडी आली. तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल. चाक घसरलं की यंत्र ओळखतं, त्या चाकाला चिमटीने ब्रेक लावतं, जोर दुसरीकडे जातो. हुशार आहे, मी नावं ठेवणार नाही. आणि ते काम करू लागलं की समोर पिवळा दिवा लुकलुकतो. लॉकला खटका होता, याला दिवा आहे.

मामांचे दोन महिने उरले होते, तेव्हा नव्या गाडीचे टायर बदलून झाले. नवा ड्रायव्हर फाटकाशी थांबला. हसरा माणूस, मामांचा मान ठेवणारा. मामांनी सवयीने चारही चाकांवरून नजर फिरवली. चारही नवे.

"चार मागितलेत, चांगलं केलंत," मामा म्हणाले.

"मी कुठे? मी दोनच मागायला गेलो होतो. स्टोअरवाले म्हणाले, चारही घेऊन जा. दोन-दोन केलं की आतलं कपलिंग जळतं, मागच्या गाडीचं तसंच झालं होतं."

मामांनी फाटकावरची नोंदवही उघडली. मग त्यांनी गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, आणि जा म्हणून हात केला.

दवाखाना सुटल्यावर जावई स्कूटरवरून आले. रोजच्यासारखा हॉर्न दिला. मामा रोज उठून फाटक उघडत. त्या दिवशी उठले नाहीत. जावयांनी पुन्हा हॉर्न दिला. मग स्कूटर उभी केली, खाली उतरले, वाकून मला दोन्ही हातांनी बाजूला केलं.

"बरंच जड आहे हो हे," ते म्हणाले. "कशाचं आहे?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. लेक कशी आहे, असं विचारलं. बरी आहे, जावई म्हणाले. रविवारी जेवायला बोलावलंय तिने, म्हणाले. येतो, म्हणाले मामा.

मामा निवृत्त होऊन आता पाच महिने झाले. फाटकावर नवा माणूस आहे, तो मला पायाने सरकवतो. माझी एकच विनवणी आहे. माझ्यासारख्या मुक्याकडून काम करून घेत असाल, तर आम्ही कशाने मेलो ते तरी खरं लिहा. आम्हाला आता त्याचा उपयोग नाही. पण खऱ्या कारणाच्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागतं, आणि तो माणूस रविवारी जेवायला जातो, दोन घास खातो, आणि लेकीला म्हणतो, छान झालंय.