नाथाजींच्या शेतातली इंग्रजी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. माझ्या अंगावर इंग्रजीत लिहिले आहे, ‘ट्रेसपास करणाऱ्यास गोळी घातली जाईल.’ मी आजवर कोणालाही गोळी घातलेली नाही. माझ्याकडे बंदूक नाही.

माझा जन्म लष्कराच्या एका छावणीत झाला. तिथून भंगारात निघाले, तेव्हा निवृत्त होणाऱ्या नाथाजींनी मला आठवण म्हणून पाटणजवळच्या आपल्या गावी आणले. ते लष्करात वीस वर्षे चपात्या लाटत होते. त्यांनी मला शेताच्या तोंडाशी रोवले. दर रविवारी तेल लावून पुसत. “नाथाजी, लय रुबाब हाय पाटीचा,” लोक म्हणत. वाचत कोणीच नसे.

दरवर्षी ऊस तुटला की माणदेशातून तात्याबा धनगर येत. त्यांची मेंढरे चार दिवस शेतात बसत, शेताला खत मिळे, आणि शेतातूनच ती नदीवर पाण्याला जात. गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर कॉलेजात शिकणारी नात आली, स्वप्नाली. तिने मला वाचले आणि मोबाईलमध्ये ‘ट्रेसपास’ हा शब्द शोधला.

“आजा, ट्रेस म्हंजे पलीकडं, पास म्हंजे पाऊल. लॅटिनमधनं फ्रेंचात गेला. तिथं आधी ओलांडणं, मग मरणं. इंग्रजीत आला तवा पाप. आता दुसऱ्याच्या रानात शिरणं.”

“एवढं हिंडून आपल्याच वाटंत आला व्हय? आन् फुडं?”

“शिरलं तर गोळी घालणार म्हणतोय.”

तात्याबांनी पुढे गेलेले मेंढरू काठीने मागे वळवले. “नको हुतं तर तोंडानं सांगायचं की गं.”

मला ओरडावेसे वाटले. पण पाटीला एकच वाक्य येते.

कळप नदीवर जायला डांबरी रस्त्याने वळला. हाकेच्या अंतरावर पूल आहे. तिथे उसाचा ट्रॅक्टर आला. चार मेंढ्या त्याखाली गेल्या. एक गाभण होती.

घरात चहा ठेवून वाट बघणारे नाथाजी धावत आले.

“तात्याबा, तुला कुणी अडवलं रं?”

“तुझ्या पाटीनं.”

“आरं, ती शोभंची हाय.”

तात्याबा उरलेली मेंढरे घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी नाथाजींनी मला उपटले आणि पाण्याच्या चारीवर पालथे टाकले, मेंढरांना ओलांडायला. यंदाही ऊस तुटला. नाथाजी रोज सकाळी दोन कप चहा करतात आणि एक ओतून टाकतात. माझ्यावरून आजवर ते स्वतः आणि एक कुत्रे एवढेच गेले. कुत्र्याला वाचता येत नाही.

मित्रांनो, पाटी जरूर लावा. फक्त खाली, आपल्या भाषेत, लहान अक्षरांत लिहा: तात्याबा सोडून.