तांबडीची किनार

“लोकरीला कुठं जात असती, बायनाबाई?” असं म्हणून दिनकररावांनी मागावरून नुकत्याच उतरवलेल्या काळ्या घोंगडीवर चिमूटभर भंडारा टाकला. झाली घोंगडी देवाची. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी दारात खळीचं पातेलं घासत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दिनकरराव गावातले मोठे जमीनदार, खंडोबाच्या देवळाचा कारभार त्यांच्या हातात. चंपाषष्ठीच्या जागराला देवाखाली नवी घोंगडी अंथरायची आणि ती आमच्या मागावरची न्यायची, ही जुनी रीत. पण यंदा माझे सासरे आश्रुबा दिवाळीपासून हिवतापानं अंथरुणात होते. उठून कशीबशी एकच घोंगडी विणली होती त्यांनी, आणि ती आमची नव्हतीच. कुसुमबाईची होती.

कुसुमबाई बौद्धवाड्यातली. चार मेंढ्या बाळगून होती. आषाढात मेंढ्या कातरल्या तशी लोकरीचं गाठोडं घेऊन आमच्या ओसरीवर आली. लेक पोटुशी होती, तिच्या बाळाला खाली घालायला घोंगडी हवी होती. आमच्याकडं पैशाचा व्यवहार नसे. लोकर आणणाऱ्याची, मेहनत आमची, आणि लोकरीतला चौथा वाटा आम्ही ठेवून घ्यायचा. तिची एक मेंढी तांबूस होती. “तांबडीची लोकर येगळी ठिवा, अक्का. कडंला घाला. म्हंजी मला माजी वळखू यील,” असं ती माझ्या सासूला, बायनाबाईंना, हसत म्हणाली होती. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

श्रावणात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. आमच्या गावात बौद्धवाड्यातली घरं जाळली. कुणी जाळली ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि सकाळी मोठी माणसं पारावर बसून एकमेकांना विचारत होती, काय झालं हो, कसं झालं हो. त्या विचारण्याची मला अजून शिसारी येते. कुसुमबाई नेसत्या लुगड्यानिशी लेकीला घेऊन परभणीला भावाकडं गेली. मेंढ्या धुरात उधळल्या त्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. लोकर तेवढी आमच्या घरात राहिली.

आत्याबाईंनी त्या लोकरीतलं गोखरू वेचलं. धुऊन, वाळवून धनुकलीवर पिंजली, पेळू केले आणि चरखा मांडून बसल्या. शेजारणी म्हणायच्या, ती आता कशाला येती न्यायला? आत्याबाई म्हणायच्या, “लोकर तिची हाय ना?” पुढं काही नाही. ताण्याला चिंचोक्याची खळ लागली, माग भरला, आणि मामंजींनी तापातून उठून दोन्ही कडांना तांबूस पट्टी घालून ती विणली.

आता त्याच घोंगडीवर दिनकररावांचा भंडारा पडला होता.

आत्याबाई उठल्या. “लोकरीला जात न्हाई म्हंता, मालक. मंग मेंढीच्या मालकिणीला कशी चिकटली? तिला तुमी कधी देवळाची पायरी चढू दिली न्हाई.”

“ती गेली की गाव सोडून. आता कोण इचारायलंय तिला?”

“सोडून गेली का घालवली?”

मामंजींनी मान खाली घातली. “अगं, गप. दिऊन टाक. तिला दुसरी करू.” त्यांचंही खोटं नव्हतं. आमची मेंढरं दिनकररावांच्या रानात बसायची, त्या खतापायी जी ज्वारी मिळे तीवर आमची चूल पेटायची.

“दुसरी कशाची करताव? तांबडी कुठं हाय आता?”

दिनकररावांनी सोबतच्या गड्याला खूण केली. तो घोंगडीची घडी घालायला वाकला. आत्याबाईंनी त्याला अडवलं नाही.

“ने बाबा,” त्या म्हणाल्या. “पर जागराच्या दिशी मी देवळात येऊन समद्या गावापुढं सांगनार, देव कुणाच्या लोकरीवर बसलाय ते. मालक, तवा तुमी उठून सांगा, लोकरीला जात नसती म्हणून.”

गडी वाकलेलाच राहिला. आमच्या ओसरीवर जे सहज बोलता आलं, ते देवळात बोलायची छाती दिनकररावांना नव्हती. ते उठले, वहाणा घातल्या.

“आश्रुबा, उद्यापासनं तुजी मेंढरं माज्या रानात दिसायची न्हाईत.”

ते गेल्यावर मला वाटलं, मामंजी आता बायकोवर भडकणार. पण त्यांनी घोंगडी मांडीवर ओढली.

“टोकाच्या दशा वळायच्या राहिल्यात. तशीच नेऊ नका,” ते म्हणाले आणि एकेक दशी वळत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सासू-सुना एसटीनं परभणीला गेलो. कुसुमबाईच्या भावाची पत्र्याची खोली होती. थंडी मी म्हणत होती. कोपऱ्यात लेक बाळंतीण, आणि बाळ पोत्यावर घातलेल्या फाटक्या धडप्यावर. कुसुमबाईनं घोंगडी उलगडली. काळ्यावर पिवळं चटकन दिसलं.

“हे काय, अक्का?”

“भंडारा. देवाला न्यायला आलते.”

दोन टोकं माझ्या हातात देऊन कुसुमबाईनं मला बाहेर नेलं आणि आम्ही घोंगडी झटकली, भंडाऱ्याचा कण राहिला नाही तोवर. मग घडी घालता घालता तिचा हात कडेवर थांबला. पट्टीवरून ती बोटं फिरवत राहिली.

“तांबडी,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नव्हता हलला. “वाटा काढला का तुमचा?”

“ह्या वक्ताला कसला वाटा, कुसुम? आमाला नगं.”

“नगं कसं? त्या गावचं फुकट मला सुतळीचा तोडासुदिक नगं. चौथा वाटा ठिवायचा. रीत हाय ती.”

आत्याबाईंनी मान हलवली. “ठिवते.”

तेव्हा कुठं कुसुमबाईनं घोंगडी अंथरली आणि बाळाला तीवर घातलं.

घरी येऊन आत्याबाईंनी घोंगडी विणून उरलेल्या लोकरीतून चौथा वाटा मोजून बाजूला काढला. राहिलेली लोकर पुढच्या बाजाराला एसटीनं परभणीला गेली. वाट्यातली काळी लोकर आमच्या सुतात मिसळली, विणली, विकलीही गेली. तांबडीचा एक पुंजका तेवढा फडक्यात बांधून त्यांनी मागाच्या खुंटीला अडकवला. त्यांनी तो कधी कातला नाही.