खुणेचे दगड

उयांगाने ढिगातला एक दगड उचलला, अंगठ्याने धूळ पुसली आणि घाईघाईने होता तिथे परत ठेवला. दगड नव्हताच तो. मणका होता, सात कोटी वर्षांपूर्वीचा.

ती आणि तिचा बाप लुव्सान पहाटेपासून लाल कड्यांतून पायी आले होते. दोन वर्षांपूर्वी हरवलेली सांडणी शोधताना लुव्सानला इथे मातीतून वर आलेला सांगाडा दिसला होता. लेक राजधानीत संग्रहालयात हाडांचंच काम करते, म्हणून त्याने जमिनीला नखही लावलं नाही. खालच्या ओढ्यातून सात दगड आणून खुणेला रचले, एवढंच. खोदायच्या परवानगीसाठी लेकीने दोन वर्षं उंबरठे झिजवले. हा सांगाडा तिचा स्वतःचा, पहिला असणार होता.

आता त्या सात दगडांचा कमरेएवढा ओवो, म्हणजे पूजेचा ढीग, झाला होता आणि त्यावर निळी रेशमी कापडं फडफडत होती. ओवो दिसला की गोबीच्या वाळवंटातला माणूस तीन फेऱ्या घालतो, काहीतरी मागतो आणि एक दगड वर ठेवतो. इथला खडक मुठीत भुगा होणारा. टणक होती ती फक्त हाडं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ती भक्तिभावाने वर चढवली होती.

"मी काढतो सगळं," लुव्सान म्हणाला. "पाप लागायचं ते मला लागू दे."

पण ओवोवरचा खडाही त्याने उभ्या जन्मात हलवला नव्हता. पुढे केलेला हात तसाच राहिला. उयांगाने तो हलकेच खाली घेतला.

"राहू द्या, बाबा. जबडा अजून जागेवर आहे. तेवढा पुरे मला."

जबडा तिच्या पायाशीच मातीत रुतलेला होता, जेमतेम कड वर. तेवढ्यावरून प्राणी ओळखता आला असता.

इतक्यात मोटारसायकल थांबली. उतरलेल्या बाईच्या पाठीशी तापाने मलूल झालेलं पोर बांधलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात निघालेय, तीन दिवस ताप उतरत नाही, असं तिने न विचारताच सांगितलं. तीन फेऱ्या घातल्या आणि ती इकडेतिकडे शोधू लागली.

"ताई, तुमच्या पायाशी आहे तेवढा दगड देता? पोरामुळे मला वाकता येत नाही."

लुव्सानने तोंड फिरवलं.

उयांगा गुडघ्यांवर बसली. पिशवीतून ब्रश काढून तिने कडेची माती सावकाश झाडली, मग बोटांनी पोखरून जबडा सोडवला आणि बाईच्या ओंजळीत दिला.

"नीट बसवा," ती म्हणाली. "पडता कामा नये."