टोना घातलेली अंडी

तात्या सरनोबतांना इंग्रजी येतं, यावर त्यांच्याखेरीज घरात कुणाचाच विश्वास नव्हता. त्या रविवारी सकाळी त्यांनी तो परदेशी डबा डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि खड्या आवाजात वाचलं, "टोना!"

"टोना न्हवं तात्या, टूना," त्यांची लेक श्यामला स्वयंपाकघरातून ओरडली. "मासा हाय त्यो."

"मासा? पत्र्याच्या डब्यात?" श्यामलाची आई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, पदराला हात पुसत बाहेर आली. "मग मेला कवा म्हणायचा?"

डबा आणला होता रंगरावांनी, थेट अमेरिकेहून. रंगराव गुरांचे डॉक्टर. कोंबड्या पाळायचं नवं शास्त्र शिकायला सरकारनं त्यांना वर्षभर तिकडं धाडलं होतं. परत आल्यावर ते श्यामला इंग्रजी शिकवायची त्या मुलींच्या शाळेत व्याख्यान द्यायला आले, आणि कोंबड्या राहिल्या बाजूला, वक्ते सगळा वेळ इंग्रजीच्या बाईंकडे बघूनच बोलले. पुढं चार भेटी झाल्या, त्याही तात्यांच्या देखत. त्यातल्या एकीत ते म्हणाले, अमेरिकेत सगळं बेचव, पण एक पदार्थ मात्र अजून स्वप्नात येतो. अंडी उकडायची, अर्धी करायची, आतलं पिवळं काढून त्यात टूना कालवायचा आणि पुन्हा भरायचं. नाव डेव्हिल्ड एग्ज. तिखट असतात म्हणून सैतानाचं नाव. अर्थात अमेरिकेतलं तिखट म्हणजे कोल्हापुरात ते बाळंतिणीलाही चाललं असतं.

आज रंगराव आईला घेऊन मुलगी बघायला येणार होते, आणि खरी मेख तिथंच होती. त्यांच्या आई, विठाबाई, गडहिंग्लजकडच्या. नवरा गेल्यावर एकटीनं शेत राखून त्यांनी मुलाला शिकवलं होतं. त्या नको म्हणाल्या, तर रंगराव आईचा शब्द मोडणार नव्हते. श्यामलाला हे पक्कं ठाऊक होतं, आणि गंमत म्हणजे त्यासाठीच ते तिला जास्त आवडले होते. आता विठाबाईंच्या डोक्यात बसलं होतं की पोरानं तीन सोयरिकी परतवल्या त्या उगाच नाही. कुठल्यातरी बयेनं त्याच्यावर टोणा केलाय. त्यांनी त्याच्या मनगटाला काळा दोराही बांधला होता. रंगरावांनी हे हसत हसत सांगितलं, तेव्हा श्यामलाही हसली होती, आणि घरी येऊन अंबाबाईला गुपचूप नवस बोलली होती.

"कांदेपोहे कुणीबी करतंय," ती आता अक्काला म्हणाली. "मी त्यांच्या स्वप्नातलं करणार." प्रेमात पडलेल्या माणसाला अक्कल शिकवणं अवघड, म्हणून अक्कानं मुकाट्यानं चुलीवर आधण ठेवलं.

शेजारच्या चिमणाबाईनं ताजी म्हणून दिलेली अंडी इतकी ताजी निघाली, की टरफलाबरोबर निम्मं पांढरंही उचलून आलं. उंदरानं कुरतडल्यासारखी ती अंडी तात्यांनी उभ्या उभ्या संपवली. मग अक्कानं फडताळातली शिळी अंडी काढली. ती शहाण्यासारखी सोलली गेली. सुरीला पिवळं चिकटतं, म्हणून दोऱ्यानं कापायचं ठरलं. शिवणाच्या डब्यात सापडला तेवढा काळा दोरा. श्यामलानं दाताशी एक टोक धरून असा काही सपाटा लावला, की अंडी टपाटप दोन होऊ लागली.

तिकडं तात्यांनी टूनाच्या डब्यावर आधी अडकित्ता चालवला, मग सुताराची पटाशी. शेवटी डब्यानं हार मानली आणि आतलं तेल तात्यांच्या धोतरावर उडालं. गल्लीतली झाडून सगळी मांजरं खिडकीशी येऊन बसली. श्यामलानं पिवळ्यात टूना घातला, लिंबू पिळलं, फेसलेली मोहरी घातली, कांदा घातला, आणि बोट चाटून तिनं स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली.

"वरनं रंगापुरती लाल पूड टाकायची," ती म्हणाली.

"बघ टाकली," अक्का म्हणाली. तिची चिमूट म्हणजे मूठभर, आणि चटणी घरची, कांदालसणाची.

चांदीच्या तबकात अंडी मांडली. शोभेला लिंबाच्या फोडी, मधोमध हिरव्या मिरच्या. श्यामला मागं सरून बघतच राहिली. इतकं देखणं तबक त्या घरातून आजवर बाहेर गेलं नव्हतं.

पाहुणे आले. विठाबाई सतरंजीवर ताठ बसल्या. काटक बाई, नजर विळ्यासारखी. त्यांनी श्यामलाला नाव विचारलं, शाळा विचारली, भाकरी येते का विचारलं, आणि प्रत्येक उत्तराला "हं" म्हणाल्या. तिसरं "हं" जरा मऊ आलं, असं श्यामलाला वाटलं. रंगराव समोर बसून उगाचच हसत होते. तेवढ्यात तबक आलं, आणि तात्यांना आपलं इंग्रजी आठवलं.

"घ्या ताई! अमेरिकेतला पदार्थ हाय. सैतानी अंडी म्हणत्यात ह्यास्नी!"

विठाबाईंचा पुढं आलेला हात थबकला. "कसली?"

"सैतानी!"

"आन आत काय भरलंय, पावणं?"

"टोना!" तात्या अभिमानानं म्हणाले. "डबाच्या डबा टोना घातलाय की पोरीनं. खास तुमच्या रंगरावांसाठनं."

गावाकडं 'ण'चा 'न' होतो, हे इंग्रजीच्या बाईंना त्या क्षणी जेवढं बोचलं, तेवढं कधीच बोचलं नसेल. विठाबाईंची नजर तबकावरून फिरू लागली. अंडी. लिंबू. मिरच्या. वर लाल पूड. तीन रस्त्यांच्या तिकटीवर उतारा ठेवतात, तो याहून वेगळा नसतो. आणि एका अंड्याला चिकटून राहिलेला बोटभर काळा दोरा.

"अगं बया," विठाबाई हळूच म्हणाल्या. "म्हंजी तूच व्हय ती!"

"न्हाय हो! टूना! मासा हाय त्यो, मासा!"

"मासा? मग काटं कुटं हायती?"

श्यामलाला रडू आणि हसू एकदमच आलं. तोवर रंगरावांनी डोळे मिटून एक अंडं तोंडात टाकलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं, की टोणा नाही म्हणायची सोयच उरली नाही.

"थुक! थुक म्हंते न्हवं!"

"अव्वा, लई भारी झाल्याती," असं आईला म्हणत रंगरावांनी दुसरं उचललं.

मग विठाबाईंनी तबकच ओढून मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी झाकलं. "माझ्या लेकाला काय लागायचं हाय त्ये मला लागू दे," त्या म्हणाल्या, आणि एरंडेल घ्यावं तसं नाक मुरडून त्यांनी एक अंडं तोंडात कोंबलं. मग हात जोडून वर बघितलं.

श्यामलाचं हसू पार विरलं. ही बाई सैतानाला घाबरत होती आणि तरी लेकासाठी त्याला गिळत होती. अशी सासू आपल्याला हवीच, असं तिला वाटलं. ती उठली आणि सरळ विठाबाईंशेजारी जाऊन बसली.

"एकटीनं नका घेऊ," ती म्हणाली. "निम्मा माझ्यावर येऊ दे." आणि तिनंही एक उचललं.

दोघी एकमेकींकडं बघत चावू लागल्या. हळूहळू विठाबाईंचं नाक सरळ झालं. जबडा मंदावला. कपाळावर घामाचा थेंब आला.

"चटनी कुनाची?"

"माझी," अक्का दारातून कशीबशी म्हणाली.

"हं," विठाबाई म्हणाल्या, आणि दुसरं अंडं घेतलं. मग तिसरं. मग श्यामलाला न विचारता तिच्या हातात एक दिलं. तबकात शेवटचं उरलं तेव्हा रंगरावांनी हात पुढं केला. फटका बसला.

"हात काढ! तुला लागंल."

शेवटचं अंडं निवांत खाऊन, बोटं चाटून, विठाबाईंनी मुलाचं मनगट पुढं ओढलं आणि काळ्या दोऱ्याची गाठ सोडायला घेतली.

"अव्वा, काय करतीयास?"

"आता ह्याचा काय उपेग? मलाच लागलाय." त्यांनी दोरा सोडून श्यामलाच्या ओंजळीत ठेवला. "आन टोना आता घरातच घेऊन जायचा हाय. कांदा तेवढा आनखी बारीक चिरत जा गं, पोरी."

श्यामलानं तो दोरा मुठीत घट्ट धरला. अक्का दाराला टेकून डोळे पुसत होती, रंगराव रिकाम्या तबकाकडं बघत होते, आणि बाहेर मांजरांनी एकच कालवा केला होता.

"टोना न्हवं ताई, टूना," तात्या म्हणाले. "मासा असतोय त्यो."

पण तात्यांच्या इंग्रजीवर कोण विश्वास ठेवणार!