मुद्दाम चुकवलेलं माप

इनॉक डगमोरने चापामागचा तुकडा मोजपट्टीवर ठेवला, उलटून पुन्हा ठेवला, आणि त्याचं डोकंच सणकलं. तुकडा बरोबर होता. नको तितका बरोबर.

समोर त्याचा मेहुणा जोब हात पुसत उभा होता.

इनॉकचं नवं रिव्हॉल्व्हर चापाच्या एकाच ओढीत घोडा उचलून पाडणारं होतं. पेटंटचा अर्ज उद्या लंडनला जायचा होता. तोवर कुणाला ताकास तूर लागू नये म्हणून नळी एकाकडे, फिरतं चक्र दुसऱ्याकडे, स्प्रिंग तिसऱ्याकडे, चापामागचा तुकडा जोबकडे. अख्खा नकाशा फक्त इनॉकच्या कोटात. पण लागोपाठ तीन सोमवार जोब त्या सगळ्यांच्या दारी दिसला होता. आणि सोमवार म्हणजे कारागिरांची सुट्टी; त्या दिवशी तर बर्मिंगहॅममध्ये कुणी कानशीला हातही लावत नाही! नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. म्हणून इनॉकने त्याला मुद्दाम चुकीचं माप लिहून दिलं. तसला तुकडा दुसऱ्याच्या पिस्तुलात निघाला, की चोर सापडला.

"मी लिहिलं तसं केलं नाहीस."

"तसं केलं असतं तर घोडा हातातच सुटला असता," जोब म्हणाला.

"बाकीचं पिस्तूल तू कुठे पाहिलंस रे?"

जोबची नजर खाली गेली. इनॉकला अगदी मनापासून बरं वाटलं. बायकोचा, थर्झाचा भाऊ असला म्हणून काय, चोर तो चोरच.

"पाहिलंय," जोब म्हणाला. "तुझी मापं चुकतात, इनॉक. वर्ष होत आलं. तिनाचा आठ करतोस. चक्राचं चुकलं, स्प्रिंगचंही. मंगळवारी काम सुरू व्हायच्या आत मी जाऊन सांगायचो, इनॉकनेच सुधारून पाठवलंय म्हणून. थर्झाने बजावलं होतं, त्याच्या डोळ्यांचं गल्लीत कुणाला कळू देऊ नकोस. त्यालाही नको."

हे माप मी मुद्दाम चुकवलं होतं, असं इनॉकच्या अगदी ओठांवर आलं. पण मग बाकीची?

त्याने खिडकीकडे तोंड करून मोजपट्टी डोळ्यांजवळ आणली, लांब धरली. आकडे दोन्हीकडून पुसटच दिसले.

शेवटी त्याने कोटातून नकाशा काढून मेजावर पसरला.

"उद्या जायचाय. आकडे वाच."

जोब आधी जाऊन दार लावून आला.